मालवणच्या प्रवाळाची राखण कोणी करायची?

राधानगरी तालुक्याच्या पश्चिमेला, दाजीपूरच्या पुढे, सह्याद्रीची धार आहे. धारेच्या पूर्वेला पडलेला पाऊस भोगावतीत जातो, पंचगंगेतून कृष्णेला मिळतो आणि सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. पश्चिमेला पडलेला पाऊस फोंडा घाटाच्या उतारांवरून कोकणात उतरतो आणि थोडक्या वाटेने अरबी समुद्र गाठतो. जाताना घाटाची माती बरोबर नेतो. राधानगरीच्या माणसाला समुद्र आठवतो तो मालवण-तारकर्लीच्या सहलीच्या निमित्ताने. पण डोंगराचा समुद्राशी व्यवहार दर पावसाळ्यात चालू असतो आणि त्याचा भार समुद्राकडच्या बाजूला एका नाजूक जिवावर पडतो. तो जीव म्हणजे प्रवाळ. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, उथळ पाण्यातल्या खडपांवर प्रवाळाच्या वसाहती आहेत. त्या झिजत चालल्या आहेत. त्या पुन्हा उभ्या करायच्या तर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना आणि पाण्यात उतरणाऱ्या तरुणांना शिकवून तयार करावं, हा विचार गेल्या दशकात आपल्याकडे रुजला. विचार योग्य आहे. मात्र त्यांना नेमकं काय शिकवायचं, याचं उत्तर घाईने दिलं जातं. प्रवाळाचा तुकडा चौकटीला बांधायला माणूस थोड्या दिवसांत शिकतो. तो तुकडा वर्षानुवर्षं राखायला शिकवणं आणि राखणाऱ्याच्या हाती काही अधिकार देणं, हे खरं अवघड काम आहे, आणि प्रशिक्षणाचा पैसा आणि वेळ तिथे जायला हवा.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो प्राणी आहे. एकेक प्राणी बहुधा काही मिलिमीटरचा असतो. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट घेऊन आपल्याखाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवालं राहतात. ही शैवालं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. म्हणून प्रवाळाला उजेड लागतो आणि म्हणूनच फार गढूळ पाणी त्याला मानवत नाही. अंगावर गाळ बसला की तो चिकट स्राव सोडून अंग साफ करतो. पण त्या साफसफाईत वाढीसाठीची शक्ती खर्च होते, आणि गाळ थांबलाच नाही तर तो गुदमरतो. दुसरा शत्रू उष्णता. नेहमीच्या सर्वांत गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आतली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. या विरंजनानंतर लगेच मरण येत नाही. पाणी वेळेत निवलं तर शैवालं परत येतात. नाही निवलं तर वसाहत उपासमारीने मरते. प्रवाळ भित्ती जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही व्यापत नाहीत, तरी सागरी प्रजातींपैकी सुमारे पाव प्रजाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला असतात. आपल्या किनाऱ्यावर बोलायचं तर तांबोशी, हेकरू, शेवंड ही सगळी खडपाच्या आधाराने जगणारी मंडळी आहेत, आणि मालवणच्या लहान होडीवाल्याचं घर त्यांच्यावरही चालतं.

मालवणचा प्रवाळ अंदमान किंवा लक्षद्वीपसारखा नाही, हे आधी मान्य करायला हवं. इथे फांद्या फुटलेल्या रंगीत बागा फारशा नाहीत. इथे आहेत ते टर्बिनेरियाचे पानासारखे पसरट थर आणि पोराइट्स, फेवाइट्स यांचे गोलसर, ठोकळ्यासारखे गोळे. गढूळपणा, पावसाळ्यात अचानक उतरणारी खारटपणाची पातळी आणि लाटांचा मार सोसून टिकलेले हे प्रकार आहेत. त्यामुळे ते चिवट आहेत, पण फार हळू वाढतात. गोळ्याच्या आकाराचा प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढला तरी पुष्कळ. फांद्यांचा प्रवाळ अनुकूल पाण्यात त्याच्या दहापट वेगाने वाढू शकतो. या एका फरकात माझ्या म्हणण्याचा निम्मा आधार आहे. परदेशात प्रवाळ-लागवडीची जी छायाचित्रं आपण पाहतो, तीनचार वर्षांत उजाड तळ भरून निघाल्याची, ती बहुतेक फांद्यांच्या प्रवाळाची असतात. मालवणला तेवढ्या काळात डोळ्यांत भरेल असं काही घडणार नाही. इथे काम करणाऱ्याला दहा-वीस वर्षांचा धीर लागेल, आणि तेवढा काळ एका जागी राहणारा माणूस बाहेरून आणता येत नाही.

ऱ्हासाची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. मालवणच्या उत्तरेला गड नदी कालावलच्या खाडीतून आणि दक्षिणेला कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते; दोघी पावसाळ्यात गाळ आणतात आणि दोन्ही खाड्यांत वाळूउपशाचा प्रश्न जुनाच आहे. मालवणच्या प्रवाळाच्या विरंजनाची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने आणखी एक कारण पुढे आणलं, ते म्हणजे हौशी स्कूबा. पोहता न येणाऱ्या पर्यटकाला हात धरून खाली नेलं जातं. तो घाबरतो, आधार शोधतो, प्रवाळाला धरतो, त्यावर पाय देतो. नांगर पडतात, शिड्या घासतात. ही सारी जागा संरक्षित क्षेत्रातली. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. प्रवाळालाही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. पाण्याखाली मात्र त्या कागदाची अंमलबजावणी करायला कोणी उभं नसतं.

याच किनाऱ्यावर २०१२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक पर्यावरण निधी आणि शासन यांचा सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या जैवविविधतेसाठीचा प्रकल्प सुरू झाला. त्यात स्थानिक तरुणांना स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं आणि सिमेंटच्या चौकटींना प्रवाळाचे तुकडे बांधून ते समुद्रतळावर ठेवण्याचा प्रयोगही झाला. ही पद्धत भारतात नवी नव्हती. तमिळनाडूतल्या मन्नारच्या आखातात तुतीकोरिनची सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्था २००२ पासून असं काम करत आली आहे. कृती सांगायला सोपी आहे. नांगराने किंवा लाटांनी तुटून पडलेले, पण जिवंत असलेले तुकडे गोळा करायचे; ते चौकटीला घट्ट बांधायचे, कारण हलणारा तुकडा धरत नाही; चौकट वाळूत रुतणार नाही आणि उजेडही मिळेल अशा खोलीवर ठेवायची. गोळ्याच्या प्रकारांसाठी लहान लहान चकत्या करून त्या सिमेंटने किंवा विशिष्ट डिंकाने जवळजवळ चिकटवण्याची पद्धतही आता जगात वापरली जाते. एकाच वसाहतीच्या चकत्या वाढून एकमेकींना भेटल्या की पुन्हा एक होतात. इथपर्यंतचं काम एका हंगामात होतं. त्याचे फोटो निघतात, बातमी होते. पुढच्या महिन्यात चौकटीवर शेवाळ चढतं, ते हलक्या ब्रशने काढावं लागतं. प्रवाळ खाणारे शंख येतात, ते वेचावे लागतात. फाटक्या जाळ्याचा तुकडा येऊन अडकतो, तो कापावा लागतो. कुठला तुकडा जगला, किती वाढला, किती भाग पांढरा पडला, हे मोजपट्टी शेजारी ठेवून फोटोने नोंदवावं लागतं. मग जून येतो, समुद्र खवळतो आणि पाण्याखालचं काम काही महिने थांबतं. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा खाली जाऊन काय उरलं हे पाहणं, हा या साऱ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा दिवस असतो, आणि त्या दिवशी बाहेरचे तज्ज्ञ क्वचितच हजर असतात.

जगभरच्या अनुभवातूनही हेच दिसतं. प्रवाळ-पुनर्स्थापनेच्या शेकडो प्रयोगांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लावलेल्या तुकड्यांपैकी सरासरी साठ-सत्तर टक्के जगल्याचं दिसलं, जे वाईट नाही. पण त्यातल्या निम्म्याहून अधिक प्रकल्पांनी अठरा महिन्यांपलीकडे पाहणीच केली नव्हती. म्हणजे जगल्याचा आकडा बाळपणातला आहे, पुढचं कोणी पाहिलेलं नाही. उलट उदाहरण इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाजवळचं. तिथे स्फोटकांनी मासेमारी केल्यामुळे प्रवाळाचा नुसता चुरा झाला होता, आणि हलत्या चुऱ्यावर नवा प्रवाळ धरत नव्हता. वाळूचा लेप दिलेल्या षट्कोनी लोखंडी चौकटी एकमेकींना जोडून तो चुरा बांधून ठेवला गेला आणि हे काम तिथल्या बेटांवरच्या लोकांनी शिकून केलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं की चार वर्षांत या जागांवर चुन्याचा थर निरोगी भित्तीइतक्याच वेगाने वाढू लागला होता. हे यश फांद्यांच्या प्रवाळाचं आहे, ते मालवणला जसंच्या तसं लागू होत नाही. पण त्यातली एक गोष्ट लागू होते. चौकटी ठेवून माणसं निघून गेली नाहीत, आणि स्फोटक मासेमारी थांबलेल्या जागीच चौकटी ठेवल्या गेल्या.

स्थानिक माणूस स्वस्त मजूर म्हणून घ्यायचा, असा या साऱ्याचा अर्थ काढला तर सगळंच फुकट जाईल. त्याच्याकडे असं ज्ञान आहे जे संशोधकाला चार दिवसांच्या मोहिमेत मिळत नाही. प्रवाळाचा तुकडा हा आईवसाहतीचाच अंश असतो. एकाच वसाहतीचे शंभर तुकडे लावले तर ते शंभर तुकडे एकाच स्वभावाचे असतात आणि एकाच उष्ण लाटेत एकदम जातात. म्हणून तुकडे वेगवेगळ्या आणि चिवट वसाहतींचे हवेत. चिवट वसाहत ओळखायची कशी? उन्हाळ्यात सगळीकडे पांढरेपणा आला असता जिचा रंग टिकला, ती. हे ऑक्टोबरपासून मेपर्यंत रोज त्याच खडपावर उतरणाऱ्यालाच ठाऊक असू शकतं. कोल्हापूरचा शेतकरी उसाचं बेणं कुठल्या फडातून घ्यायचं हे जसं मागच्या हंगामांच्या आठवणीवर ठरवतो, तशीच ही निवड आहे. फरक एवढाच की डायव्हरची आठवण आज कुठे लिहिली जात नाही. प्रशिक्षणाचं पहिलं काम म्हणून मी चौकट बांधण्याऐवजी नोंदवही ठेवण्याला जागा देईन. ठरावीक जागा, ठरावीक वसाहती, दर महिन्याला एक फोटो, पाण्याचं तापमान, तळावरच्या गाळाची जाडी. एवढं पाच वर्षं सलग झालं तर मालवणच्या प्रवाळाबद्दल आज कोणाकडे नाही अशी माहिती हाती येईल.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे शास्त्रज्ञांचं काम आहे, अर्धवट शिकलेल्या हातांनी उलट नुकसान होईल. आक्षेपाचा दुसरा भाग गंभीर आहे. चुकीच्या जागी लावलेला, चुकीच्या पद्धतीने तोडलेला प्रवाळ म्हणजे निव्वळ हानी. पण महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर याचं उत्तर मिळालेलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास इथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी किती खोलीवर पुरायची, वाळू किती ओली असावी, पिल्लं निघण्याचा दिवस कसा ओळखायचा, हे सारं गावातल्या माणसांनी शिकलं. काम वन विभागाच्या सोबतीने किनाऱ्यावरच्या इतर गावांत पसरलं आणि कासवमित्र ही एक ओळख झाली. शास्त्रज्ञ नाहीसे झाले नाहीत. त्यांनी प्रश्न ठरवले, पद्धत घालून दिली, नोंदी तपासल्या. रोजची राखण गावाने केली. प्रवाळाच्या बाबतीत विभागणी याहून वेगळी असण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. प्रवाळ तुडवले जातात ते स्थानिकांच्याच स्कूबा व्यवसायात. मग राखणीला त्यांनाच कसं बसवायचं? वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. पण नुकसान अज्ञानामुळे कमी आणि हिशेबामुळे जास्त होतं. डायव्हरची कमाई दिवसात किती पर्यटक पाण्याखाली नेले यावर ठरते. प्रवाळ सुस्थितीत राहिला म्हणून त्याला एक रुपयाही जास्त मिळत नाही, आणि त्याने सावकाश, काळजीने काम केलं तर गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जातं. अशा हिशेबात नुसतं प्रशिक्षण टिकत नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे; म्हणजे शिकवण्याची सोय हाताशी आहे. कमी आहे ती नियमांची आणि त्यांच्या मागच्या पैशाची. एका खडपावर एका वेळी किती माणसं, नांगराऐवजी कायमचे बांधलेले बोये, नवख्यांसाठी प्रवाळ नसलेली वाळूची जागा, आणि प्रत्येक तिकिटातला ठरावीक वाटा राखणीच्या मजुरीला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. तिथे कांदळवन उभं राहिलं तरच त्यांची होडी चालते. मालवणच्या डायव्हरचा रोजगार प्रवाळाच्या तब्येतीशी असा बांधला गेलेला नाही, हा दोष त्याचा एकट्याचा नाही.

तिसरा आक्षेप समुद्राच्या तापण्याचा, आणि त्यापुढे मान खाली घालावीच लागते. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात पाणी इतकं तापलं की वर्षानुवर्षं वाढवलेल्या प्रवाळाच्या समुद्रातल्या रोपवाटिका घाईने उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणाव्या लागल्या. ज्या राहिल्या त्यांतल्या पुष्कळ मेल्या. मन्नारच्या आखातात २०१६ च्या विरंजनात जिवंत प्रवाळाचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आलं, आणि तिथे पुनर्स्थापनेचं काम तर चौदा वर्षं चालू होतं. जगातलं चौथं जागतिक विरंजन २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. तेव्हा चौकटी बांधून प्रवाळ वाचतील असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. कोळसा आणि तेल जाळणं कमी झाल्याशिवाय प्रवाळाला भविष्य नाही, आणि ते मालवणच्या कोणत्याही होडीवाल्याच्या हातात नाही. तरीही स्थानिक काम व्यर्थ ठरत नाही. उष्णतेने आजारलेली वसाहत बरी होते की मरते, हे तिच्यावर त्या वेळी आणखी कसला भार आहे यावरही ठरतं. गाळ, नांगर, जाळी आणि पाय हे चारही भार स्थानिक आहेत आणि चारही कमी करता येतात. माझ्या मते मालवणला नव्या चौकटींची संख्या वाढवण्यात अर्थ नाही. थोड्या चौकटी, त्याही चिवट वसाहती ओळखण्यासाठी आणि शिकण्यासाठी. बाकीचं बळ आहे ते राखण्यावर लागावं.

मच्छीमाराचा आक्षेप मात्र वेगळ्या जातीचा आहे आणि तो ऐकल्याशिवाय कोणतंही प्रशिक्षण सुरूच होऊ नये. १९८७ साली अभयारण्याची रेषा आखली गेली तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांना विश्वासात घेतलं गेलं नाही, आणि तेव्हापासूनचा विरोध अजून मावळलेला नाही. रापण ओढणारा, गिलनेट टाकणारा माणूस विचारतो की प्रवाळ बांधायला आम्ही, आणि मासळी उपसायला पर्ससीन आणि ट्रॉलर का? राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. मागणी आहे ती हे नियम समुद्रात दिसण्याची. राधानगरीच्या वाचकाला हे परकं वाटू नये. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य १९५८ सालचं, १९८५ मध्ये त्याची हद्द वाढली, आणि रेषेच्या आत-बाहेर राहणं म्हणजे काय हे इथल्या वाड्या-वस्त्यांना ठाऊक आहे. इथेही जंगल दाखवणारा गाइड स्थानिकच असतो. पण दाखवण्याचा परवाना आणि राखण्याचा अधिकार यांत अंतर आहे. मालवणला तर प्रवाळाचा तुटलेला तुकडा उचलायलाही परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. प्रवाळाचा व्यापार त्याशिवाय थांबला नसता. मात्र शिकलेल्या माणसाला तुटलेला तुकडा पुन्हा बांधण्याची, जाळी काढण्याची, नांगर टाकणाऱ्याला अडवण्याची परवानगी वन विभागाने दर हंगामासाठी लेखी दिली, तर त्याच्या शिक्षणाला काही किंमत राहील. आज तो पाहू शकतो आणि सांगू शकतो, एवढंच.

आणि हे शिक्षण किनाऱ्यावर संपू नये. गाळ हा चार भारांपैकी एकच असा आहे ज्याचा उगम डायव्हरच्या नजरेच्या टप्प्यात नाही. तो घाटाच्या उतारावर, रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात, झाडं काढून उघड्या टाकलेल्या जमिनीत, खाडीतल्या वाळूउपशात आहे. प्रवाळ-पुनर्स्थापनेच्या प्रकल्पांत डोंगरातल्या गावांचा विचार सहसा होत नाही, कारण प्रकल्पाची हद्द भरतीच्या रेषेपाशी थांबते. पण मातीची धूप थांबवायला लागणारं कौशल्य, समतल चर, दगडी बांध, उतारावर गवत आणि झाडं टिकवणं, हे घाटाच्या दोन्ही अंगांच्या गावांना नवं नाही. कणकवली-कुडाळच्या वरच्या अंगाच्या गावांत पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्याचा गढूळपणा साध्या काचेच्या नळीत किंवा चकती बुडवून मोजता येतो. शाळेतली मुलंसुद्धा हे करू शकतात. मालवणच्या डायव्हरने ऑक्टोबरमध्ये मोजलेली गाळाची जाडी आणि वरच्या गावांनी जून ते सप्टेंबर मोजलेला गढूळपणा एकाच नोंदवहीत आले, तर कुठल्या नदीचा गाळ कुठल्या खडपावर बसतो हे अंदाजाने सांगावं लागणार नाही, आणि पुढच्या हंगामात तिथे चौकटी ठेवायच्या की आधी दोन पावसाळे वरच्या उतारावरच काम करायचं, हे ठरवता येईल.